वेस्टर्न पिक्चरमधल्या बंदुका खरंच त्या काळातल्या असतेत का?

गोदाकाठ, नांदेड

मंडळी, एक प्रश्न लई दिवसापासून डोक्यात घोळायलाय, इथं जुने पिक्चर बघणारे बरेच जण हायत म्हणून टाकायलो. मला वेस्टर्नचं वेड, अमेरिकन असो का इटालियन, सापडला की बघतोच. पण आजकाल गोष्टीपेक्षा बंदुकांकडंच ध्यान जायलंय. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' घ्या. त्याच्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू हाय, न्यू मेक्सिकोतली जी मोहीम दाखवलीय ती १८६२ ची. अन् पिक्चरभर पट्ट्याला पितळी काडतुसं खोचलेली, रिव्हॉल्व्हरमधी पण तीच. माझ्या माहितीप्रमाणं कोल्टचं ते नावाजलेलं पीसमेकर १८७३ ला आलं. मग हे अकरा वर्षं आधी कुठून आलं?

दुसरं म्हणजे रायफल. गोष्ट कोणत्याबी साली घडूद्या, सगळ्यांच्या हातात तीच, खालचा लिव्हर मागंपुढं करून चालवायची विंचेस्टर. अन् पन्नास-पन्नास बार उडतेत तरी समोरचं सगळं लख्ख दिसतं, धूर म्हणून नाही.

तर खरं काय अन् पिक्चरवाल्यांनी मनानं घातलेलं काय, अन् त्यांनी असं कामून केलं, हे कुणी जरा इस्कटून सांगता का? नुसतं चूक हाय म्हणू नका, कारण पाहिजे.

परभणीकर_जुना

भाऊ, शंका एकदम बरोबर हाय. फक्त हिरोच्या हातात पीसमेकर नाही, ते कोल्टचं १८५१ चं नेव्ही मॉडेल हाय, मुठीवर चांदीचा साप असलेलं. म्हणजे मॉडेल युद्धाच्या काळाला बसतं, त्या काळात लई खपलेलं रिव्हॉल्व्हर हाय ते. घोळ हाय तो सिलिंडरचा.

खरं १८५१ नेव्ही काडतुसावर चालतच नव्हतं. सिलिंडरला सहा घरं, प्रत्येक घरात पुढच्या तोंडानं दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालची दांडी ओढून ती गच्च ठासायची, असं सहा वेळा झालं की मागल्या बाजूनं प्रत्येक घराला तांब्याची बारीक टोपी बसवायची. टोपी म्हणजे आपल्या दिवाळीतल्या टिकलीसारखी, बंदुकीचा घोडा आपटला की फुटती अन् आतल्या दारूला आग देती. वरून पुष्कळ जण घरांच्या तोंडाला चरबी फासायचे, कामून की एका घराची ठिणगी शेजारच्या घरात गेली तर दोन-तीन बार एकदम उडायचे, ते बी हातात. निवांत बसून भरायचं म्हणलं तरी काही मिनिटं जातेत, घोडा पळवता पळवता तर नावच नको. म्हणून तेव्हाचे लढणारे गडी दोन-दोन, चार-चार रिव्हॉल्व्हर आधीच भरून जवळ ठेवायचे, एक रिकामं झालं की दुसरं उपसायचं.

आता १८६२ ला काडतूस नव्हतंच असं बी नाही. स्मिथ अँड वेसनची छोटी रिव्हॉल्व्हरं १८५७ पासून काडतुसावर चालायची, हेन्री अन् स्पेन्सर ह्या रायफली बी. पण सिलिंडरला आरपार भोकं पाडून मागून काडतूस घालायचं, हे पेटंट रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाचं होतं, १८५५ चं, अन् त्याचा हक्क स्मिथ अँड वेसननं करार करून स्वतःकडं घेऊन ठेवलेला. १८६९ ला पेटंट संपेपर्यंत कोल्टला हात चोळत बसावं लागलं. जुन्या मॉडेलला काडतुसाचं सिलिंडर बसवून द्यायचं काम कोल्टनं १८७० नंतर धरलं. म्हणजे हिरोच्या हातात जे हाय ते जवळपास दहा वर्षं लवकर आलं.

कारण म्हणाल तर इटलीत उबर्ती कंपनी १९५९ पासून जुन्या अमेरिकन बंदुकांच्या हुबेहूब नकला बनवायला लागली होती, अन् त्यांची सुरुवातच १८५१ नेव्हीपासून झाली. इटालियन पिक्चरवाल्यांना घरच्या घरी माल. अन् काडतुसाची सोय असली की खोटं काडतूस घातलं, बार काढला, पुढचा टेक. टोपी अन् दारू भरत बसले असते तर शूटिंग कधी उरकलं असतं.

त्याच पिक्चरमधला दुकानातला सीन मात्र मला पाठ हाय. त्यातला ट्युको नावाचा डाकू वाळवंटातून मरत मरत येतो, पहिलं पाणी पितो अन् मग काउंटरवरची रिव्हॉल्व्हरं खोलून बसतो. एकाची नळी, दुसऱ्याचं सिलिंडर, नळीतून डोळा लावून बघणं, सिलिंडर कानापाशी धरून फिरवणं अन् ती कटकट ऐकून पसंत करणं. कोल्टचे सुटे भाग एका मापाचे बनायचे ही त्या कंपनीची खरी करामत, अन् ती इतकी झकास दुसऱ्या पिक्चरात मी तरी पाहिली नाही. अन् एवढं करून शेवटी तो मागतो काय, तर काडतुसं! तिथं त्यानं दारू, गोळ्या अन् टोप्याची डबी मागितली असती तर सीन सोन्यासारखा झाला असता.

बालाघाट

सगळं वाचलं, माहिती भारी आहे. पण मला मनापासून वाटतं ते सांगतो. वेस्टर्न पिक्चर म्हणजे इतिहासाचं पुस्तक नाही, ती अमेरिकेची लोककथा आहे. ह्या पिक्चरचे दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांनी तर अमेरिका सोडून स्पेनच्या अल्मेरियात शूटिंग केलं, तिथला फुफाटा, घामेजलेले चेहरे, डोळ्यांचे क्लोजअप आणि ते म्युझिक, यातून जी दुनिया उभी राहते तिला १८६२ काय आणि १८७२ काय. 'शोले' बघताना कुणी गब्बरच्या टोळीच्या बंदुका कोणत्या कंपनीच्या आहेत म्हणून विचारलं का? गोष्ट आतून खरी वाटली पाहिजे. मी सिलिंडरचं भोक बघत बसलो तर माणसाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते माझ्या हातातून जाईल, आणि पिक्चर तर त्या चेहऱ्यासाठीच काढलाय ना.

अंबाजोगाईचा मास्तर

बालाघाट, चेहऱ्याचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्या चेहऱ्यावर भीती कधी येते ते बंदूकच ठरवते. सहा बार झाले आणि पुन्हा भरायला पाच मिनिटं लागणार आहेत हे ज्याला माहीत आहे, तो माणूस गोळी वाया घालवत नाही, आडोसा सोडत नाही आणि समोरच्याचे बार मोजत बसतो. तोच माणूस पिक्चरमध्ये काडतुसं भराभर घालून वीस-वीस बार काढायला लागला की भीतीच निघून जाते. म्हणून मला हे सगळं किरकोळ वाटत नाही. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिका बघतानाही मी आधी तोड्याच्या बंदुकीची जामगी, म्हणजे दारूला आग देणारी वात, पेटलेली आहे का ते बघतो. जामगी विझलेली असेल तर त्या मावळ्याच्या हातात नुसतं लाकूड आहे, आणि पावसात जामगी सांभाळायची म्हणजे काय कष्ट होते हे दाखवलं तर प्रसंग कितीतरी मोठा होईल.

धुराचं विचारलंत गोदाकाठ, ते तर मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, ज्वारीत रानडुकरं शिरायची त्यांना हुसकावायला. काळी दारू शिंगातून नळीत ओतायची, चिंध्याचा बोळा, छर्रे, परत बोळा, गजानं ठासायचं. बार निघाला की आवाजाआधी धूरच डोळ्यांत भरायचा, पांढरा फट्ट, दाट, गंधकाचा वास असलेला, आणि वारं नसलं तर बांधावरची बाभूळ दिसेनाशी व्हायची. डुक्कर लागलं की पळालं हे धूर सरकल्यावरच कळायचं. मग रात्री आजी गरम पाण्यानं नळी धुवायला लावायची, कारण काळ्या दारूची राख ओल धरते आणि नळी गंजून जाते. हा एका बाराचा धूर. आता एका खोलीत पाच माणसं रिव्हॉल्व्हर चालवायलेत असं धरा. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ ला काढली आणि अमेरिकेत सर्रास व्हायला १८९० चं दशक उजाडलं. म्हणजे वेस्टर्नचा जवळजवळ सगळा काळ काळ्या दारूचा आहे. त्या काळची सलूनमधली मारामारी म्हणजे दोन-चार बारांनंतर आंधळी कोशिंबीर, आणि हे पडद्यावर फार क्वचित येतं.

खऱ्या चकमकीचं उदाहरण घ्या, अ‍ॅरिझोनातल्या टूम्बस्टोन गावची ओके कोरलची चकमक, २६ ऑक्टोबर १८८१ ची, ती खरं तर कोरलच्या, म्हणजे घोडे ठेवायच्या वाड्याच्या, आत झालीच नाही, बाजूला फोटोग्राफरच्या घराला लागून असलेल्या अरुंद मोकळ्या जागेत झाली. दोन्ही बाजूंची माणसं काही फुटांवर उभी, साधारण तीस सेकंद, साधारण तीस बार, आणि तिघं मेले. अर्प यांच्या बाजूच्या डॉक हॉलिडेच्या हातात शॉटगन होती. भांडणाचं एक कारण तर असं की गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती आणि गावचे मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प समोरच्या बाजूच्या लोकांची हत्यारं काढून घ्यायला निघाले होते. पिक्चरमध्ये गावातला प्रत्येक माणूस कमरेला रिव्हॉल्व्हर लटकवून फिरतो, खऱ्या टूम्बस्टोनमध्ये किंवा डॉज सिटीत ते शेरीफच्या ऑफिसात नाहीतर हॉटेलात जमा करावं लागायचं.

आणि भर रस्त्यात समोरासमोर उभं राहून कोण आधी उपसतो, असा मुकाबला खरा म्हणून सांगता येईल असा ठळक एकच, वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट यांचा, २१ जुलै १८६५, मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात. दोघांमध्ये अंतर ७५ यार्डांच्या आसपास, म्हणजे जवळपास ७० मीटर. एवढ्या लांबून हाताचा वेग कामाचा नाही, नेम कामाचा. दोघांनी एकेकच बार काढला, टटचा हुकला, हिकॉकचा छातीत बसला. हिकॉककडे तेच १८५१ नेव्ही होतं. मांडीला बांधलेलं, खाली लोंबणारं म्यान पिक्चरवाल्यांचं. त्या काळची म्यानं कमरेवर उंच आणि खोल असायची, घोड्यावरून रिव्हॉल्व्हर पडू नये म्हणून. त्यातून झटक्यात काही निघत नाही.

गोदाकाठ, नांदेड

मास्तर, लई बेस्ट सांगितलं. हत्याराला गावात बंदी होती हे तर मला नवीनच. अन् धुराचं वाचून आता जुने सीन नव्यानं बघावं वाटायलेत.

रायफलचं राहिलंच की पण. अन् ह्यातलं बरोबर दाखवणारे पिक्चर कोणते तेबी सांगा कुणीतरी.

परभणीकर_जुना

रायफलचं सांगतो, हा माझा आवडता विषय हाय. तुम्ही जी जिकडंतिकडं बघताव ती बहुतेक विंचेस्टर १८९२. जॉन ब्राउनिंगनं डिझाइन केलेली, हलकी, मजबूत. नावातच साल हाय, तरी ती १८७०-८० च्या गोष्टीत सर्रास. 'स्टेजकोच' मधी जॉन वेन पहिल्यांदा पडद्यावर येतो तो हीच रायफल मोठ्या गोल लिव्हरवर एका हातानं गरकन फिरवत, अन् गोष्ट हाय अपाची पुढारी जेरोनिमोच्या काळातली, तो तर १८८६ ला शरण आला. 'द कोमांचेरोज' तर कहर हाय, गोष्ट १८४३ ची अन् लोकांच्या हातात १८९२ ची विंचेस्टर अन् १८७३ चं कोल्ट. १८४३ ला कोल्टचं पाच बारी पॅटरसन सोडलं तर दुसरं रिव्हॉल्व्हर दाखवायला सापडत नव्हतं, टेक्सासवाले रेंजर तेच वापरायचे, अन् रायफल म्हणजे एकबारी ठासणीची. ती गोष्ट खरी दाखवली असती तर एक बार झाला की माणूस चाकू काढून भिडलेला दिसला असता!

आता असं कामून केलं? आळस म्हणून सोडून देऊ नका, त्याच्यामागं हिशोब हाय. स्टुडिओ सुरू झाले तेव्हा १८९२ च्या जुन्या रायफली बाजारात ढिगानं अन् स्वस्तात भेटायच्या. त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट खोट्या काडतुसाची. हॉलिवूडमधी 'फाइव्ह इन वन' नावाचं एक बिनगोळीचं काडतूस वापरायचे. ते पॉइंट ४५ मापाच्या कोल्टमधी चालायचं, पॉइंट ४४-४० अन् पॉइंट ३८-४० च्या रिव्हॉल्व्हरमधी बी चालायचं अन् त्याच दोन मापाच्या रायफलीतबी चालायचं. पाच हत्यारं, काडतूस एक. विचार करा, शंभर घोडेस्वारांचा सीन हाय, भर उन्हात, अन् सामानवाल्या पोराला एकच पेटी उघडून सगळ्यांना मूठ-मूठ काडतुसं वाटायचीत. कोणाला कोणतं लागतं हे विचारायचं कामच नाही. हेन्री किंवा स्पेन्सर आणली की तिला येगळं काडतूस, ते बी बाजारात मिळंना. त्या पोरानं अन् त्याच्या मालकानं १८९२ च धरून ठेवली त्यात त्यांचा दोष मी काढणार नाही. दोष काढायचा तर लेखकाचा, ज्यानं गोष्ट उगीच १८४३ ला नेली. १८९३ ला नेली असती तर सगळं बरोबर बसलं असतं.

अन् एक उलटी गंमत. पीसमेकरचं उत्पादन कोल्टनं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला बंद केलं होतं. मग टीव्हीवर वेस्टर्न मालिकांची लाट आली, लोकं दुकानात तेच मागायला लागले, अन् १९५६ ला कंपनीला ते परत सुरू करावं लागलं.

औसा_रोड_लातूर

पिक्चर विचारले म्हणून लिहितो. माझ्या मते बंदुकांना सगळ्यात जास्त मान 'अनफरगिव्हन' नं दिलाय, १९९२ चा, क्लिंट ईस्टवुडचा. गोष्ट १८८०-८१ ची. सगळ्यांच्या हातात एकच मॉडेल नाही, कुणाकडं स्कोफिल्ड रिव्हॉल्व्हर, कुणाकडं स्पेन्सर कार्बाइन म्हणजे आखूड रायफल, म्हाताऱ्या हिरोकडं युद्धाच्या काळातलं टोपीवालं जुनं रिव्हॉल्व्हर, आणि हेच खरं आहे, माणूस नवं मॉडेल आलं म्हणून जुनं फेकून देत नव्हता. कोल्ट १५-२० डॉलरला आणि गुरं राखणाऱ्याचा महिन्याचा पगार ३०-४० डॉलर, कोण उठसूट नवीन घेणार? त्यात डबड्यावर नेम धरतानाचा सीन बघा, रिव्हॉल्व्हरनं एकबी लागत नाही, मग तो घरातून शॉटगन आणतो आणि पहिल्या बारात डबडं उडवतो. साध्या शेतकऱ्याचं खरं हत्यार शॉटगनच होतं, आपल्याकडं जशी बारा बोअर. मास्तरांनी सांगितलेली गावातली हत्यारबंदी तर त्या पिक्चरचा कणाच आहे, शेरीफ गावाच्या तोंडाशी बोर्ड लावून ठेवतो. शेवटच्या मारामारीत ऐन वेळी शॉटगनचा बार फुसका जातो. आणि शेरीफ एक गोष्ट सांगतो त्यात कोल्ट वॉकर माणसाच्या हातात फुटतं, तेही उगीच घातलेलं नाही. १८४७ च्या वॉकरमध्ये दारू लई मावायची आणि लोखंड त्या मानानं कच्चं, सिलिंडर फुटल्याच्या पुष्कळ तक्रारी खरोखर झाल्या होत्या.

दुसरा 'पेल रायडर'. त्यात हिरो भरलेलं जादा सिलिंडर जवळ ठेवून रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरचं अख्खं सिलिंडरच बदलतो. रेमिंग्टनचा खिळा ओढला की सिलिंडर बाजूला येतं, कोल्टच्या जुन्या मॉडेलची आधी नळी उतरवावी लागती. असा एक सीन बघितला की बालाघाट भाऊ, बंदूक पण चेहऱ्यासारखीच बोलती हे पटंल तुम्हाला.

अजून एक, हे फार कमी पिक्चरमध्ये दिसतं. पीसमेकर सहा बारी, पण शहाणा माणूस पाचच भरायचा. घोड्याचं टोक खालच्या काडतुसाच्या बुडावर टेकून राहायचं, रिव्हॉल्व्हर हातून पडलं किंवा खोगिराला आपटलं की बार स्वतःच्याच पायात. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं.

बालाघाट

'अनफरगिव्हन' मी पाहिलाय आणि डबड्याच्या सीनला मला त्या म्हाताऱ्याची दया आली होती, ती बंदुकीमुळे आली हे मात्र आता कळतंय. तरी लिओने यांच्याबद्दल माझं मत तेच राहील, त्यांच्या दुनियेत दहा वर्षं इकडं-तिकडं मी आनंदानं सोडून देईन. 'द कोमांचेरोज' चं मात्र मला सोडवत नाही, पन्नास वर्षं म्हणजे फारच झालं.

परभणीकर, एक विचारायचंय. बऱ्याच पिक्चरमध्ये पितळी चमकणारी रायफल असते, तिला कुणी हेन्री म्हणतं, कुणी विंचेस्टर. पडद्यावर दोन सेकंद दिसते, तेवढ्यात ओळखायची कशी?

परभणीकर_जुना

सोपं हाय. नळीखाली लाकूड हाय का ते बघा. हेन्री १८६० ला नळीखाली लाकूड नाहीच, डावा हात डायरेक्ट लोखंडाला, दहा-पंधरा बार झाले की चटका बसायचा. अन् बाजूनं काडतूस भरायची खिडकी बी नाही. तिची काडतुसं पुढून भरायची, नळीच्या टोकापाशी खटका सरकवून, ती बी १६. पुढून भरायची म्हणजे बंदूक उभी धरावी लागती, आडवं पडून भरता येत नाही. अजून एक खूण, नळीखालच्या फटीतून एक बारीक पितळी बोंड दिसतं, जसजसे बार होतेत तसतसं ते मागं सरकत येतं अन् हाताला अडतं, मग हात उचलून त्याच्या पुढं धरावा लागतो.

पितळी अंग हाय पण खाली लाकूड हाय अन् उजव्या बाजूला खिडकी हाय, तर ती विंचेस्टर १८६६. अन् लोखंडी अंगाची, बाजूला चौकोनी पट्टी बसवलेली अन् वर सरकणारं झाकण असलेली ती १८७३. त्याच लोखंडी अंगाला बाजूची पट्टी नसली अन् वर झाकण नसलं की समजा १८९२ हाय. काही पिक्चरवाले १८९२ चं लाकूड काढून अन् अंगाला सोनेरी रंग देऊन तिलाच हेन्री म्हणून पुढं करतेत. तिथं खिडकी बघा. लाकूड काढता येतं, खिडकी बुजवत बसायला कुणी तयार नसतं.